फाडफाड इंग्रजी नको, शब्दांचा साठा हवा

महाराष्ट्रात भाषेवरून रान उठते तेव्हा वस्तीतल्या पोरांचा विचार कोणी करत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय काढला. मोर्च्यांच्या घोषणा झाल्या, चॅनेलवर भांडणे झाली आणि जूनच्या अखेरीस सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. चांगले झाले. त्या सक्तीला आमचाही विरोधच होता. पण या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न आमच्या कानावर आला नाही. मराठी शाळेत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या इंग्रजीचे काय झाले?

काय झाले ते आम्ही रोज बघतो. दहा वर्षे इंग्रजी हा विषय शिकून, त्यात पास होऊन पोरगा दहावीच्या बाहेर पडतो आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर 'आय हिअरबाय डिक्लेअर' या ओळीखाली सही करतो. आपण काय जाहीर केले हे त्याला सांगता येत नाही. पोरगी पदवी घेते आणि कंपनीने दिलेल्या नेमणूकपत्रातला 'टर्मिनेट' हा शब्द तिला कामावरून काढल्यावर कळतो. आईबापाला वाटते, पोरगं हुशार आहे पण इंग्रजीत कच्चं आहे. पोराला वाटते, आपल्या डोक्यातच काही कमी आहे. डोक्यात कमी काही नाही. शब्द कमी आहेत, आणि ते मिळवता येतात. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी उपदेशकांचा हिशोब करू. 'मातृभाषेतच शिका, इंग्रजीच्या मागे लागू नका' असे आम्हाला सांगणारे लोक कोण आहेत ते बघा. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्या कित्येकांची नातवंडे कुठल्या शाळेत जातात, कुठल्या देशात आहेत, हे त्यांनाच विचारा. मराठी आमचीही आहे. जात्यावर, शेतात, गिरणीच्या फाटकावर आणि भीमजलशांत ती आमच्याच लोकांनी बोलून, गाऊन जिवंत ठेवली. पण मराठीचा अभिमान आम्ही बाळगायचा आणि इंग्रजीचा फायदा त्यांनी घ्यायचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. गावात पाणवठ्यांची वाटणी अशीच होती.

आमच्या पुरखांनी ही वाटणी तेव्हाच झुगारली होती. सावित्रीबाईंच्या 1854 च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजीत जोडली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले तेही इंग्रजीत. ज्याला जे सांगायचे ते त्याला कळणाऱ्या भाषेत सांगायचे, हा त्यांचा हिशोब होता. बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला आणि 1936 मध्ये जातिसंस्थेवरचा आपला सर्वांत जहाल प्रबंध इंग्रजीत छापला. त्यांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. पण त्यांचे इंग्रजी कसे घडले हे फारसे सांगत नाही. सुभेदार रामजींनी हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके मुलाकडून घोटून घेतली, असे चरित्रकार लिहितात. म्हणजे या शब्दाला तोच नेमका प्रतिशब्द कोणता, हे घरात बसून, रोज. दैवी चमत्कार काही नव्हता. निवृत्त फौजी बापाची शिस्त होती आणि पोराचे कष्ट होते.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावी 2010 मध्ये चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराचा पाया घातला गेला. देवी संगणकावर उभी आहे, हातात लेखणी आहे. त्यामागचा मुद्दा आम्हाला पटतो. मूर्ती काही पटत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने भाषेलाही हात जोडू नयेत. भाषा हे हत्यार आहे, ते घासून ठेवायचे असते.

आता मुद्द्यावर येऊ. इंग्रजी शिकायचे म्हणून आमचा तरुण काय करतो? 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशी पाटी असलेल्या क्लासला पैसे भरतो. तिथे बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतात. तक्ता पाठ होतो, पण बोलायला तोंड उघडले की शब्द नसतात. भांडी घासायची रीत शिकवली आणि घरात भांडीच नाहीत, असा प्रकार. दुसरीकडे मोबाईलवर 'रोज दहा अवघड शब्द' असे व्हिडिओ येतात. त्यात असे शब्द असतात जे इंग्लंडमधला माणूसही वर्षातून एकदा वापरत नसेल. आमचा पोरगा ते वहीत उतरवतो, स्टेटसला ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात विसरतो. तेवढ्यात 'अनलेस' आणि 'अन्टिल' यातला फरक मात्र तसाच राहून जातो. खरे नुकसान त्याने होते. कारण सरकारी पत्रात, करारात, निकालपत्रात 'अनलेस' असतो.

कोणते शब्द आधी शिकायचे याचे शास्त्र आहे आणि त्याचा उगम आपल्या शेजारी झाला हे फार थोड्यांना माहीत आहे. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला का जमत नाही, याचा त्याने अभ्यास केला. 1926 मध्ये त्याचे बंगालमधल्या द्विभाषिकतेवर पुस्तक आले आणि पुढे 1953 मध्ये त्याची जवळपास दोन हजार शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' छापली गेली. जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते आधी शिका, एवढीच त्यातली साधी गोष्ट. या दोन हजार शब्दकुळांनी साधारण मजकुराचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग व्यापला जातो. शब्दकूळ म्हणजे 'ॲक्ट', 'ॲक्शन', 'ॲक्टिव्ह' ही सगळी भावंडे एकत्र मोजायची. 2000 मध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड या अभ्यासक महिलेने महाविद्यालयीन पुस्तकांत सतत येणाऱ्या 570 शब्दकुळांची यादी केली. अशा पुस्तकांतला आणखी दहा टक्के मजकूर त्यात येतो. दोन्ही याद्या इंटरनेटवर फुकट आहेत.

ऐंशी टक्के ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. तीनशे शब्दांचे पान घ्या. ऐंशी टक्के शब्द कळले तर साठ शब्द कळत नाहीत, आणि नेमका अर्थ त्या साठांतच दडलेला असतो. पंच्याण्णव टक्के कळले तर पंधरा अडतात. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर सहाच अडतात, तेव्हा माणूस कोणाच्या मदतीशिवाय वाचू लागतो. पॉल नेशन या भाषातज्ज्ञाने 2006 मध्ये दाखवले की त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात. डोंगर मोठा आहे, पण पायथा मोजता येतो. रोज पाच शब्द पक्के केले तर दोन हजारांना चारशे दिवस लागतात, पुढच्या 570 ना आणखी 114. म्हणजे दीड वर्षाच्या आत पाया भरतो. त्यापुढचे शब्द यादीतून येत नाहीत, वाचनातून येतात. कुठलाही क्लास हे सांगत नाही, कारण दीड वर्षाची गोष्ट तीस दिवसांच्या पाटीवर लिहिता येत नाही.

काय पणाला लागले आहे याचे एक उदाहरण देतो. संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. ॲट्रॉसिटीची फिर्याद आम्ही मराठीत देतो, पण ती वर गेली की इंग्रजी होते. या कायद्यात जातीवरून अपमान करण्याचा गुन्हा 'इन एनी प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू' घडला पाहिजे असे शब्द आहेत. 'पब्लिक प्लेस' नव्हे, 'पब्लिक व्ह्यू'. पहिल्याचा अर्थ सार्वजनिक जागा. दुसऱ्याचा अर्थ लोकांच्या नजरेस पडेल अशी जागा, मग ती खासगी का असेना. 2008 च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच फरक सांगितला. घराच्या फाटकाशी उभ्या माणसाला जातीवरून शिवीगाळ झाली तर जागा खासगी असली तरी ती लोकांच्या नजरेसमोर घडलेली असू शकते. आता सांगा, फिर्याद लिहिताना 'तिथे कोण कोण बघत होते, कुठून दिसत होते' हे नोंदवायचे की नाही, हे दोन इंग्रजी शब्दांच्या अर्थावर ठरते की नाही? आमच्या गावातल्या कार्यकर्त्याला 'प्लेस' आणि 'व्ह्यू' हे दोन्ही शब्द सुटे माहीत असतात. एकत्र आल्यावर काय होते ते माहीत नसते. शब्दसंग्रह म्हणजे नुसती संख्या नाही हे इथे कळते.

म्हणून शब्द एकटा शिकू नये असा आमचा आग्रह आहे. तो कोणाबरोबर बसतो ते बघावे. मराठीत आपण परीक्षा 'देतो', म्हणून आमची पोरे इंग्रजीत 'गिव्ह' लावतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. जस्टिस हा शब्द 'सीक', 'डिनाय', 'डिले' यांच्याबरोबर येतो. 'इक्वॅलिटी' शिकलात तर 'इक्विटी' त्याच दिवशी शिका, कारण आरक्षणाच्या वादात समोरचा माणूस पहिला शब्द वापरून दुसऱ्याचा गळा घोटतो. सर्वांना सारखे वागवा, मग राखीव जागा कशाला, असे म्हणतो. उत्तर द्यायला दुसरा शब्द हाताशी हवा.

आता साधने. एका पैशाचाही खर्च नाही अशीच सांगतो.

पहिले, इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, पण शिकणाऱ्यांसाठी बनवलेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे कोश ऑनलाइन फुकट आहेत. लाँगमनच्या 1978 च्या कोशाने शब्दांचे अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायची शिस्त पाळली. म्हणजे वर सांगितलेली यादी ज्याला येते त्याला पुढे प्रत्येक शब्दाचा अर्थ इंग्रजीतच वाचता येतो. किल्लीने कुलूप उघडते, आणि आत दुसरी किल्ली असते, तसे. शिवाय प्रत्येक शब्दाजवळ स्पीकरचे चिन्ह असते. ते दाबले की उच्चार ऐकू येतो. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी गप्प असतो, हे ज्याच्या घरात कोणी इंग्रजी बोलले नाही त्याला कसे कळणार? वर्गात चुकला की पोरे हसतात, कधी मास्तरही हसतात, आणि ते हसणे नुसते उच्चारावर नसते, हे सांगायला नको. स्पीकर हसत नाही. शंभर वेळा दाबा.

इंग्रजी-मराठीसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. विधी, अर्थशास्त्र, प्रशासन या विषयांचे शब्द त्यात मिळतात. त्यातले मराठी कधी कधी इंग्रजीहून अवघड असते, ही गोष्ट वेगळी. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही इंटरनेटवर ठेवला आहे. 1831 चा, 1857 ला सुधारलेला. तो जरूर बघा, पण तो ब्राह्मण पंडितांच्या मदतीने झालेला आहे हे लक्षात ठेवून बघा. आमच्या जातींच्या नावांपुढे काय लिहिले आहे ते वाचले की कोश ही तटस्थ वस्तू असते हा भ्रम जातो.

दुसरे, उजळणी. माणूस शिकलेले किती झपाट्याने विसरतो याचे मोजमाप एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच केले होते. उपाय असा की शब्द विसरायच्या बेतात असताना पुन्हा समोर यावा. आज, उद्या, चार दिवसांनी, दोन आठवड्यांनी, महिन्याने. 'अँकी' नावाचे अ‍ॅप हा हिशोब स्वतः ठेवते आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट आहे, जाहिराती नाहीत. चमकदार चित्रे, आगीचे चिन्ह, 'तुम्ही सलग चाळीस दिवस आलात' अशी शाबासकी देणारी अ‍ॅपे बरीच आहेत. ती तुम्हाला रोज अ‍ॅपवर आणण्यात पटाईत असतात. शब्द किती टिकले ते तुम्हीच तपासा.

'घरात फोन एकच, तो बापाबरोबर कामाला जातो', असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. आमच्या वस्तीतल्या मुली तर फोन हातात घेतला की भावाच्या नजरेत येतात. त्यासाठी जुनी युक्ती आहे. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने 1970 च्या दशकात पत्त्यांची पेटी सांगितली. पाच कप्पे करायचे. शब्द आला तर पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पाचवा महिन्याने. आम्ही विहारात जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले आहेत. पाठीमागची बाजू कोरी असते आणि कागद जाड असतो. पुढे शब्द आणि वाक्य, मागे अर्थ. पेटी चपलांच्या खोक्याची. आठवड्यातून एकदा कोणाचा तरी फोन मिळाला की उच्चार ऐकून घ्यायचे. बाकी सहा दिवस पेटीवर चालते.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, वाचायचे काय? इंग्रजी शिकायला राजाराणीच्या गोष्टी कशाला? बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' घ्या. छोटे आहे, आठवणींचे आहे, इंग्रजी साधे आहे, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. मसूर स्टेशनवर उतरलेली मुले, स्टेशन मास्तर, गाडीवान, टोलनाका, रात्र आणि तहान. ही हकीकत आमच्या पोरांना मराठीतून पाठ असते. त्यामुळे इंग्रजीत अनोळखी शब्द आला तरी तो काय असणार याचा अंदाज बांधता येतो. शब्द टिकतो तो असा. 'पोल्यूशन' हा शब्द तिथे धुराबद्दल नसतो हे आमच्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रज पोराला सांगावे लागेल.

त्यानंतर 1916 चा जातींवरचा कोलंबियातला निबंध. तो अवघड आहे, पण 'एंडोगॅमी' आणि 'एक्झोगॅमी' हे दोन शब्द कळले की अर्धा उलगडतो. 'एंडो' म्हणजे आत, 'एक्झो' म्हणजे बाहेर, 'गॅमी' म्हणजे विवाह. आपल्या गटात लग्न आणि आपल्या गटाबाहेर लग्न. पंचविशीतल्या भीमरावांनी सगळा युक्तिवाद या जोडीवर उभा केला. आणि मग सरकारने छापलेले खंड आहेतच, पीडीएफ फुकट उतरवता येतात. त्यातला सोळावा खंड एकदा नुसता चाळून बघा. त्यात पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश आहे. शब्दांना इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदीत अर्थ दिलेले. संविधान लिहिणारा माणूस एकेका शब्दासमोर चार भाषांतले अर्थ मांडत बसला होता.

काही कार्यकर्ते म्हणतात, आता मशीनच भाषांतर करते, कशाला ही मेहनत? करते, आणि आम्हीही वापरतो. घाईत नोटिशीचा मतलब कळायला उपयोग होतो. पण भाषांतर नीट झाले की नाही हे तपासायला शब्द लागतातच, नाहीतर वकिलाच्या जागी मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा एवढाच बदल. शिवाय युपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा 300 गुणांचा पेपर असतो. त्यात 75 मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. परीक्षागृहात मशीन नेता येत नाही. परदेशी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीतही नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा असतो, की पोरे इंग्रजी शिकली की वस्ती विसरतात. विसरणारे मराठीत शिकूनही विसरले, त्यांची नावे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहेत. उलट 1972 मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर नाव दिले, ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली म्हणून. बाहेरचा शब्द आला आणि इथे मराठीत डरकाळी झाला. आमच्या बैठकीत म्हणून नियम आहे. इंग्रजी शब्द शिकला की त्याचे एक वाक्य आपल्या बोलीत करायचे, आजीला कळेल असे. मघाशी सांगितलेल्या 'पब्लिक व्ह्यू'ला एका मुलीने 'चारचौघांच्या डोळ्यादेखत' म्हटले. परिभाषा कोशापेक्षा ते बरे आहे.

आणि आपण शून्यापासून सुरुवात करत नाही. मस्टर, ओव्हरटाइम, कॉन्ट्रॅक्ट, रेशन, वॉर्ड, टेंडर, चार्जशीट, बेल, पेन्शन, सर्टिफिकेट, डेपो. अंगठा उठवणाऱ्या आमच्या आयाबायांना हे शब्द येतात, कारण प्रत्येकासाठी त्या कुठल्यातरी खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिल्या आहेत. पहिल्या बैठकीत आम्ही हेच केले. प्रत्येकाने घरातल्या मोठ्यांना येणारे इंग्रजी शब्द लिहून आणायचे. पाच घरांतून दोनशेच्या वर निघाले. त्यांचे स्पेलिंग आणि खरा अर्थ कोशात बघणे हा पहिल्या महिन्याचा अभ्यास झाला. 'बेल' म्हणजे जामीन आणि 'बेल' म्हणजे घंटा यांचे स्पेलिंग वेगळे आहे हे कळल्यावर एक काका म्हणाले, तरीच माझा अर्ज परत आला होता.

ज्या वस्तीत विहार आहे, एक फळा आहे आणि आठवड्यातून एक तास बसायला पाचसात माणसे आहेत, तिथे हे सुरू करता येते. शिक्षक नसला तरी चालते. कोश शिक्षकाचे काम करतो. बारावी झालेली मुलगी पुढे बसवा, पोरगा नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण मुली पेटी नीट ठेवतात आणि त्यांना ती संधी घरात मिळत नाही. पहिले वाचन मसूर स्टेशनच्या पानांपासून करा. येताना जुन्या लग्नपत्रिका आणा.

जय भीम.